खुम्रट, चिमाळ, चर्रोम

एका राज्यात — कथा सांगणाऱ्याला छप्पन्न राज्यांची नावं तोंडपाठ आहेत, फक्त ह्या एकाचंच तेवढं आठवत नाही, तेव्हा मुकाट ऐका — तर एका राज्यात हैबती नावाचा म्हातारा विदूषक होता. शाळेत तीन दिवस गेला, त्यातले दोन गुरुजींना त्याला हाकलण्यात लागले. डोक्यात नाव म्हणून टिकत नसे. सख्ख्या सासऱ्याला जन्मभर 'अहो ते' म्हणाला. जिभेला मात्र धार होती.

एके दिवशी दरबारात धुंधुक मांत्रिक आला. त्याची दाढी पार जमिनीला टेकलेली.

"महाराज," हैबती म्हणाला, "आज झाडूवाल्याला सुट्टी द्यावी."

राजा खदखदून हसला. मांत्रिकानं चिमूटभर राख फुंकली. राजाचं हसू थांबेना, आणि हैबतीची बायको साळू उभ्या जागी साळुंकी झाली. नावातच सोय होती.

"तुला जिभेचा गर्व," मांत्रिक म्हणाला. "माझ्या भाषेतले तीन शब्द शीक. पुनवेला भर दरबारात ओळीनं म्हण. एक जरी चुकला, तर ही जन्माची पाखरू आणि राजा जन्माचा खिदळू. पहिला सुसरीपाशी, दुसरा चिंचेपाशी, तिसरा माझ्या आईपाशी. प्रत्येक एकदाच ऐकू येईल. लिहिलास तर अक्षरं उडून जातील."

"अक्षरं माझ्याकडे कधी बसलीच नाहीत," हैबती म्हणाला, "उडतील कुठली?" पण साळूशिवाय त्याला स्वतःचा पंचासुद्धा सापडत नसे.

साळुंकी खांद्यावर बसली, आणि निघाले दोघे.

नदीत गळ्याइतक्या पाण्यात सुसर होती; हैबती तिथवर शिरला. ती म्हणाली, "खुम्रट." हैबती काठाकडे वळला आणि शब्द निसटू लागला.

"नुसते ऐकू नका!" साळुंकी ओरडली. "तिच्या पाठीवरून हात फिरवा, आणि म्हणा!"

"फिरवा," सुसर म्हणाली, "पण पोटाला नको. गुदगुल्या होतात."

पाठ खरखरीत, तळहात सोलून निघाला. खुम्रट, खुम्रट! शब्द हाताला चिकटला.

मग चिंच. तिनं फांदी हलवून म्हटलं, "चिमाळ." साळुंकीनं कोवळा आकडा खुडून नवऱ्याच्या तोंडात कोंबला. डोळे मिटले, गाल आत गेले, दात आंबले. तोंड चिमटलं की शब्द हजर.

तिसरी मांत्रिकाची आई. म्हातारी चुलीपाशी आमटीला फोडणी देत होती. पळी उपडी करता करता म्हणाली, "चर्रोम." हिंगाचा वास घरभर सुटला.

"हा तर सोपा!" हैबती म्हणाला. "हिंग म्हणजे चर्रोम. नाकात ठेवला."

पुनव आली. दरबार भरला. राजा हसून हसून वाळला होता. त्यानं चोराला फटके सांगितले तेही खिदळत, म्हणून चोरही हसत घरी गेला होता.

हैबतीनं तळहात चोळला. "खुम्रट." गाल आत ओढले. "चिमाळ." मग कमरेची हिंगाची पुडी काढून हुंगली. काही नाही. पुन्हा हुंगली. काहीच नाही. परतताना पुन्हा नदीत भिजून पडसं झालं होतं, नाक गच्च बसलं होतं. तिसरा शब्द नाकात, आणि नाकाला कुलूप!

त्यानं पुडी खाली टाकली. "साळू," तो पुटपुटला, "गेलीस गं तू."

"रडता काय?" साळुंकी किंचाळली. "नाक बसलंय, कान तर उघडे आहेत! फोडणी मागवा!"

शेगडी आली, आमटी आली. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि पळी उपडी झाली.

चर्रर्र...

"चर्रोम!" हैबती ओरडला.

राजाचं हसू खट्‌कन थांबलं. त्यानं आधी पाणी मागितलं, मग चोराला परत बोलावलं. साळुंकी फडफडली आणि साळू उभी राहिली, पदर सावरत, केसात एक पीस तेवढं राहिलेलं. हैबतीला रडू आलं; त्यानं ते पडशावर ढकललं.

"तू काय म्हणालास, ठाऊक आहे?" आमटीकडे बघत मांत्रिकानं विचारलं. "खुम्रट म्हणजे चूक. चिमाळ म्हणजे माझी. चर्रोम म्हणजे पोटात घाल."

"घातली," असं म्हणून मांत्रिक आमटीचा वाडगा घेऊन खुशाल जेवायला बसला.

हैबतीनं छाती फुगवली. "बघितलंस, साळू? म्हातारपणी परकी भाषा बोललो! एकही शब्द चुकला नाही!"

साळूनं केसातलं पीस उपटून त्याच्या हातावर ठेवलं.

"परक्या भाषेत पंधरा दिवसांत आलं," ती म्हणाली. "आपल्या भाषेत हेच ऐकायला मी चाळीस वर्षं थांबले आहे. म्हणा बघू."