हरण्याचं आवतन

"पोरगी अन्नालेही मान देत नाही, बाबा! सणाचं ताट लोटून देते. हिले वळण लावू तरी कसं?"

टेकडीवरच्या दर्ग्यात फकीर करीमबाबांसमोर दौलत गावंडे तावातावाने बोलत होता. शेजारी त्याची सात वर्षांची रेणू मान खाली घालून बसली होती.

"कधीपासून जेवली नाही?"

"काल पोळ्यापासून. आज पोरांचा तान्हा पोळा, म्हणून चाकांचा लाकडी बैल आणून दिला. त्याले हातही लावत नाही. बोलत तर नाहीच."

"आधी बोलत होती?"

"उशिरा लागली बोलाले. पहिलं बोलली ते आमच्या बैलाशी, हरण्याशी. दिवसभर त्याच्याजवळच…" दौलत अडखळला. "त्याले काल सकाळी विकलं. आता ट्रॅक्टर आहे. व्यापारी दारात आला, भाव चांगला देत होता."

"पोळ्याच्या सकाळी?"

"पूजा चुकवली नाही, बाबा! मातीचे बैल मांडले. पुरणपोळी केली. आमच्या घरी सारी रीत पाळतात."

बाबा रेणूकडे वळले.

"कोणाची वाट पाहतेस, माय?"

"हरण्याची," ती पुटपुटली. "त्याले जेवाले बोलावलं आहे."

दौलत हसला.

"ते आवतन होय! पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्याले लोणी-हळद लावतो, तेव्हा त्याच्या कानात म्हणतात ना, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' मीच तिले उचलून धरलं, म्हणायले लावलं. माझ्या बापानं मले शिकवलं, मी तिले शिकवलं."

"अन् ती शिकली!" बाबा कडाडले.

दौलत चपापला.

"मुकं जनावर ते, बाबा. त्याले आवतन काय समजते?"

दौलतने आणलेली पुरणपोळी बाबांपुढे होती. मोडलेला घास त्यांनी ताटात परत ठेवला. वर फडकं घातलं. उठले, आणि रेणूच्या शेजारी मांडी घालून बसले.

"जेवा ना, बाबा."

बाबांनी ताट आणखी दूर सारलं.

"आता तुम्हीही? असे किती वेळ उपाशी बसाल दोघं?"

बाबांचा आवाज रागाने थरथरला.

"मले काय विचारतोस? हरण्या कोणत्या वाटेनं गेला, ते तुले ठाऊक आहे."