तिसऱ्या रांगेतल्या चपला

“मग ती बाई उठली, तवा स्टेजवर काय चाललं हुतं?” उस्तादांनी विचारलं.

“तेच तर सांगतोय,” सत्यजित म्हणाला. “टोपड्याचा प्रवेश चालू होता. नेमका तोच.”

“हां...”

“सात मिनिटांचा मूक प्रवेश, उस्ताद. शब्द नाही, संगीत नाही. आणि तिसऱ्या मिनिटाला तिसऱ्या रांगेतली एक बाई उठते आणि सरळ दाराबाहेर जाते.”

उस्तादांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि एस.टी. स्टँडकडून येणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता.

उस्ताद म्हणजे दस्तगीर मुजावर. तालुक्याच्या नाट्यगृहाचे जुने पडदेवाले. एक्केचाळीस वर्षं त्यांनी पडद्याची दोरी ओढली. पडदा विजेवर चालायला लागला तेव्हा ते शेजारच्या दर्ग्याची देखभाल करू लागले, पण नाटक असलं की दोरीजवळच्या आपल्या जुन्या स्टुलावर येऊन बसायचेच. त्यांनी कधी भूमिका केली नव्हती, की नाटक बसवलं नव्हतं. तरी गावातले नट त्यांना उस्ताद म्हणायचे, आणि नाटक बसवणारा प्रत्येकजण प्रयोगानंतर दर्ग्याच्या ओट्यावर येऊन बसायचा.

सत्यजित तोडकर हायस्कुलात मराठी शिकवायचा. पुण्याला दोन शिबिरं करून आल्यापासून तो ‘नाटक’ म्हणायचं सोडून ‘सादरीकरण’ म्हणायला लागला होता. माणूस वाईट नव्हता. नाटकावर जीव होता, आणि स्वतःच्या नाटकावर जरा जास्तच.

हे नाटक त्यानंच लिहिलं होतं. मनानं लग्न करून गेलेली मुलगी, तिचं नाव घरात काढायचं नाही असा बापाचा हुकूम, आणि मधे अडकलेली आई. मुलीला मूल झाल्याचं आईच्या कानावर येतं. ती नातवासाठी टोपडं शिवायला बसते. डोकं केवढं आहे ते ठाऊक नाही. मग ती आपल्याच गुडघ्यावर माप घेते. सबंध पावसाळा घालवून सत्यजितला सापडलेली गोष्ट एवढीच होती, आणि तिच्यावरच सगळं नाटक उभं होतं.

“तो प्रवेश मी काढतोय,” तो म्हणाला.

उस्तादांनी सुपारी दुसऱ्या गालात सरकवली.

“चार वाजता तालीम आहे. मंडळींना सांगून टाकणार. उद्या रविवारच्या प्रयोगात तो नसेल.”

“मग ऱ्हायलं काय नाटकात?”

“...काही नाही. पण निदान कुणी उठून तरी जाणार नाही.”

गुरुवारी प्रयोग झाला तेव्हापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मुलांचे पेपर तपासताना त्याला ती रिकामी खुर्चीच दिसत होती.

“वही आणलीयास?” उस्तादांनी विचारलं.

प्रेक्षकांच्या अभिप्रायाची वही सत्यजितच्या पिशवीत होती. दाराशी टेबलावर ठेवायची ती, दोऱ्यानं पेन बांधलेली. पेन अजून लोंबत होतं.

“वाच.”

“सगळी?”

“सगळी. मला काय घाई न्हाई.”

सत्यजितनं घड्याळाकडे पाहिलं आणि वही उघडली.

“‘अप्रतिम.’”

“फुडं.”

“‘फार छान. असेच उत्तमोत्तम प्रयोग व्हावेत ही सदिच्छा.’”

“फुडं.”

“‘नेपथ्य सुंदर. पंखे बंद होते.’ ... ‘आईचं काम करणाऱ्या ताईंचे अभिनंदन.’ ... ‘आपल्या गावाचं नाव राज्यात गाजेल.’ हे माजी नगराध्यक्षांचं आहे.”

“ते कवा आलते?”

सत्यजित घुटमळला. “शेवटच्या प्रवेशाला.”

“फुडं वाच.”

त्यानं चौसष्ट अभिप्राय वाचले. मधे एकदा उस्तादांनी डोळे मिटले, तेव्हा झोप लागली असेल म्हणून तो थांबला, तर म्हातारा डोळे न उघडता “फुडं” म्हणाला. वाचून झालं तेव्हा सत्यजितचा घसा कोरडा पडला होता.

“चौसष्ट जणांनी चांगलं म्हटलंय,” उस्ताद म्हणाले. “मग एकटीचं कशाला धरून बसलास?”

“चौसष्ट जण मला ओळखतात, उस्ताद. त्यांची पोरं माझ्या वर्गात आहेत. ती बाई मला ओळखत नव्हती.”

उस्तादांनी मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं.

“हे मातर बरं बोललास, मास्तर.”

सत्यजितला त्यातही समाधान वाटेना.

“उठली कशी?” उस्तादांनी विचारलं.

“कशी म्हणजे? ताडकन.”

“शेजारणीला काय बोलली?”

“नाही.”

“वाकली?”

“काय?”

“उठताना खाली वाकली का, म्हणतोय.”

सत्यजितनं आठवून पाहिलं. तो मागच्या भिंतीला टेकून उभा होता. तो क्षण त्याला पाठ झाला होता.

“नाही वाकली. सरळ उठली, सरळ गेली.”

उस्ताद उठले. आतल्या कोनाड्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. दर्ग्याच्या ओट्यावर कुणी पायताण आणलं तर लहानथोर न बघता झापणारा हा माणूस. त्यानं तो कागद ओट्यावर, वहीच्या शेजारी उलगडला.

आत बायकी चपलांचा जोड होता. जुना. एका चपलेचा अंगठा तांबड्या दोऱ्यानं शिवलेला.

“तिसऱ्या रांगंत, सातव्या खुर्चीखाली हुत्या,” उस्ताद म्हणाले.

“म्हणजे... अनवाणी गेली?”

उस्तादांनी मान डोलावली.

सत्यजितचा चेहरा आणखी उतरला.

“बघा! चपला घालायलासुद्धा थांबली नाही. इतकं असह्य झालं तिला.”

उस्तादांनी कपाळावर हात मारला. पुण्याच्या शिबिरांत काय काय शिकवतात, असं काहीतरी ते पुटपुटले.

“माझं स्टूल बघितलंयास न्हवं?” ते म्हणाले. “दोरीपाशी, अगदी खाली. तिथल्या फटीतनं माणसांची तोंडं दिसत न्हाईत. पायच दिसत्यात. एक्केचाळीस वर्सं मी गावाचं पाय बघितलं.”

“बरं...”

“आता सांग. कंटाळलेला माणूस पयल्यांदा काय करतो?”

“घड्याळ बघतो.”

“त्याच्या आदी.”

“जांभई देतो.”

“त्याच्या बी आदी.”

सत्यजितनं खांदे उडवले.

“पायानं चप्पल हुडकतो,” उस्ताद म्हणाले. “उठायचं नसलं तरी हुडकतो. पायात अडकवून बसतो.”

सत्यजितनं ओट्यावरच्या चपलांकडे पाहिलं.

“मग ही का गेली?”

“चहा घे.”

“साडेतीन होऊन गेले, उस्ताद. मला तालमीला...”

“बस म्हटलं न्हवं! निपाणीची गाडी आता यील.”

निपाणीच्या गाडीचा आणि आपल्या नाटकाचा संबंध काय, हे सत्यजितला कळलं नाही. पण उस्तादांनी आवाज चढवला की नाटकातला राजाही बसायचा आणि प्रधानही, म्हणून तोही बसला. चहा आला. तो त्यानं फुंकर न घालताच प्यायला आणि जीभ भाजून घेतली.

थोड्या वेळानं रस्त्यावरून एक बाई आली. पन्नाशीची, हातात पिशवी. अंगावर साधं नऊवारी लुगडं, आणि पायात मात्र तरण्या पोरी घालतात तसल्या चमकीच्या चपला. त्या मापानं मोठ्या होत्या, त्यामुळे ती पाय ओढत, फटक फटक करत येत होती.

“चाचा, आमची शेजारीण फोनवर म्हणाली, माझ्या चपला तुमच्याकडं हायत म्हणून.”

“हायत की. बसा आक्काताई.”

सत्यजित उठून उभा राहिला. त्यानं तिला ओळखलं होतं. पाठीवरून ओळखलं असतं तरी चाललं असतं, कारण तीच पाठ तो दोन दिवस बघत होता.

“तुम्ही गुरुवारी नाटकातून उठून गेलात,” तो म्हणाला.

बाई एकदम वरमली.

“व्हय ओ. तुमीच का बसवलंय ते?”

“हो.”

“चुकलंच माझं, सर. चार माणसांच्या मधनं असं उठू ने. पर सव्वासातची निपाणी गाडी शेवटची असती. ती चुकली असती तर घरी जावं लागलं असतं. अन् घरी गेले असते तर मग माझ्यानं जायाच झालं नसतं.”

“निपाणीला?”

“लेकीकडं.”

उस्तादांनी पेला खाली ठेवला.

“दोन वर्सं तिचं तोंड बघितलं न्हवतं,” आक्काताई म्हणाली. “मालकांनी आन घातलेली. नाटकाला बी शेजारणीनं ओढून नेलं, मला कुठलं नाटक अन् काय. तर तुमची ती बाई टोपडं घिऊन गुडघ्यावर मापाय लागली...”

ती थांबली. पदर तोंडाशी नेला.

“मी बी शिवल्यात, सर. तीन. बोचक्यात दडवून ठिवल्यात. ती बाई आपली मापतीया, मापतीया... माझ्या मनात आलं, ही बसलीया न्हवं हितं मापत. मग मी कशाला बसू?”



“मग?” उस्तादांनी विचारलं. त्यांना बहुधा सगळं ठाऊक होतं, तरी विचारलं.

“लेकीनं दार उघडलं. बोलली न्हाई. माझ्या पायाकडं बघितलं. मग म्हणाली, ‘आये, चपला कुठायत तुझ्या?’” बाई रडता रडता हसायला लागली. “दोन वर्सांनी तिचं पयलं बोलणं ते! मलाबी तवाच कळलं, माझ्या पायात चपला न्हाईत.”

“आणि टोपडी?” सत्यजितनं विचारलं.

“घरीच ऱ्हायली की. अन् नेली असती तरी काय उपेग? पोरगं घरभर पळतंय आता. माझ्या गुडघ्यापक्षा ह्येवढं डोस्कं झालंय त्याचं!” तिनं दोन्ही हातांनी ते डोकं दाखवलं. ते जरा वाढवूनच दाखवलं असावं.

“मालक?” उस्तादांनी हळूच विचारलं.

“फोन लावला तिथनं. म्हटलं, रूपालीकडं हाय. काय बोलले न्हाईत... पर फोन बी ठिवला न्हाई त्यांनी. नातवाचा आवाज ऐकत बसले.”

तिनं डोळे पुसले. वाकून आपल्या चपला उचलल्या, ओट्याखाली उतरून पायात घातल्या, आणि लेकीच्या चमकीच्या चपला धूळ झटकून, कागदात नीट गुंडाळून पिशवीत ठेवल्या.

“ह्या परत द्याया पायजेत तिला,” ती म्हणाली. “म्हंजे फुडच्या आठवड्यात जाणं आलंच.”

ती निघाली. दहा पावलं गेली आणि परत वळली.

“सर, एक ऱ्हायलं. शेवटी ती जाती का ओ लेकीकडं? तुमच्या नाटकातली?”

सत्यजितला आपल्या नाटकाच्या शेवटाचा फार अभिमान होता. म्हाताऱ्या आईच्या पुढ्यात टोपड्यांचा ढीग पडलेला असतो आणि तिच्यावरचा प्रकाश हळूहळू जातो. त्याबद्दल तो एरवी अर्धा तास बोलला असता.

“नाही,” तो म्हणाला. “ती नाही जात.”

आक्काताईनं जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं.

“गरीब बिचारी. तिला कुणी नाटकाला नेलं न्हाई वाटतं.”

आणि ती आपल्या जुन्या चपलांतून, आवाज न करता, निघून गेली.

सत्यजित ओट्यावर मटकन बसला. आधी त्याला हसू आलं आणि मग डोळे भरून आले, मग पुन्हा हसू. गुरुवारपासून छातीवर बसलेला धोंडा एकदम उतरला होता. त्याला मोकळं वाटत होतं, आणि भूकही लागली होती. दोन दिवसांत त्यानं धड जेवण केलं नव्हतं.

“प्रवेश राहील,” तो म्हणाला. “सातच्या सात मिनिटं.”

उस्ताद फडकं भिजवून ओटा पुसायला लागले होते. चपला ठेवल्या होत्या तेवढीच जागा ते पुसत होते.

चारला दहा कमी होते. सत्यजितनं वही पिशवीत टाकली, आणि लगेच पुन्हा बाहेर काढली.

“उस्ताद, यांचा अभिप्राय घ्यायचा राहिला! असा अभिप्राय सबंध वहीत नाही. पळत जाऊन सही घेऊन येतो.”

“जाऊ दे तिला घरी.”

“मग मीच लिहून ठेवतो. पासष्टावा.” त्यानं नवं पान काढलं, तारीख घातली, आक्काताईंचं नाव लिहिलं. दोऱ्याला बांधलेलं पेन हातात धरून तो खूप वेळ बसला. मराठीचा मास्तर, पण शब्द सुचेना.

“काय लिहू, उस्ताद?”

उस्तादांनी फडकं पिळलं, कठड्यावर वाळत घातलं.

“लिव... ‘चपला न्यायला आल्या हुत्या.’”