हाक मारायचं नाव

"सगळं गाव ज्या नावानं हाक मारतं, ते नाव चुकीचं कसं असेल, बाबा?"

गुलाबशा बाबा तकियाच्या ओट्यावर बसून कंदिलाची काच पुसत होते.

शशिकांत धानोरकर खाली पायरीवर बसला होता. गावातल्या पतसंस्थेचा तो व्यवस्थापक. दर गुरुवारी दिवस कलताना गावाबाहेरच्या या फकिराच्या तकियात यायचा आणि स्वतःला बाबांचा शिष्य म्हणवायचा. आज तो शिकायला आला नव्हता. आपलं बरोबर होतं, एवढं बाबांच्या तोंडून ऐकायला आला होता.

"काय झालं ते नीट सांग," बाबा म्हणाले.

"केरबा तुपेला डाळ मिलसाठी आम्ही कर्ज दिलं. मिलची यंत्रं तारण घेतली. त्याची नोंद सरकारी संगणकात करावी लागते. दुसरं कुणी त्याच यंत्रांवर कर्ज द्यायला निघालं, तर ते कर्जदाराचं नाव टाकून बघतं. नोंद सापडली, की थांबतं."

"मग?"

"नोंद मी स्वतः केली. केरबा लक्ष्मण तुपे. पुढं एका बँकेनं त्याच्या ओळखपत्रावरचं नाव टाकून शोधलं. कृष्णनाथ लक्ष्मण तुपे. पडद्यावर काही आलं नाही. त्यांनी कर्ज दिलं, त्या नावावर आपली नोंद केली. केरबाची मिल बुडाली, तशी यंत्रं ते घेऊन गेले."

"आणि तुम्ही?"

"आमच्या दारात विडी वळणाऱ्या बाया उभ्या आहेत. ठेवी परत मागताहेत."

बाबांनी काच उजेडाकडे धरून पाहिली.

"ओळखपत्र पाहिलं नव्हतंस?"

"फाईलला लावलेलं होतं. पण केरबाला मी कागदावरून ओळखायचं का? एका गल्लीत वाढलो आम्ही. त्याच्या आधीची दोन भावंडं गेली. म्हणून आईनं त्याला केरात ठेवून उचललं आणि केरबा म्हणायला लागली. खरं नाव मरणाला कळू नये म्हणून."

"कळलं नाही?"

"अजून तरी नाही."

"जे नाव मरणाला चकवायला ठेवलं..." बाबा थांबले. "त्याच्यावर तू तारण लिहिलंस."

धानोरकरला हे आवडलं नाही.

"गावात जाऊन विचारा, कृष्णनाथ तुपे कोण. एक माणूस सांगणार नाही."

"गाव कशाला शोधेल, बेटा? गावाला तो दिसतोच."

"म्हणजे?"

"अशी आणखी किती नावं लिहिलीस?"

"सगळीच. आमचा एकेक कर्जदार माझ्या ओळखीचा आहे. कुणाचं नाव लिहायला मला कागद उघडावा लागत नाही."

बाबा पुन्हा काच पुसायला लागले.

तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी उभं असल्याचं धानोरकरला दिसलं.

एक बाई होती. अंगावर राखाडी चादर, पाय अनवाणी. वय सांगता आलं नसतं. ती बाबांकडे न बघता सरळ त्याच्याकडे आली.

"दादा, इथल्या दगडांवर नावं तुम्ही घातलीत?"

"हो."

तकियामागे कबरस्तान होतं. वाटेत आजारी पडलेले, मागंपुढं कुणी नसलेले लोक बाबा तकियात आणायचे, त्यांचं करायचे, आणि ते गेले की तिथंच पुरायचे. दगड कोरेच होते. एका उन्हाळ्यात धानोरकरनं पांढरा ऑइलपेंट आणून एकेका दगडावर नाव घातलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते हौसेनं दाखवायचा.

"माझा भाऊ इथं आहे का? हसन. हसन इब्राहिम मुकादम."

"नाही," धानोरकर लगेच म्हणाला. "या नावाचं इथं कुणी नाही."

"मला वाचता येत नाही. वाचून दाखवाल?"

तो उठला. ती त्याच्या मागून चालली. तिच्या पावलांचा आवाज येत नव्हता. माती मऊ असेल, असं त्याला वाटलं.

"चहावाले चाचा," त्यानं वाचलं.

ती पुढं सरकली.

"लंगडा उस्ताद... ट्रकवाला पठाण..."

एका दगडापाशी ती थांबली. बराच वेळ थांबली.

"हा कोण?"

"मिस्त्री. गावातली पाण्याची टाकी यानंच बांधली."

"नाव?"

"मिस्त्रीच. सगळे मिस्त्रीच म्हणायचे."

तिनं दगडाकडे पाहिलं. मान हलवली.

"माझा भाऊ मिस्त्री नव्हता. समुद्रावर जातो, जहाजावर तांडेल होतो, म्हणून घर सोडलं त्यानं. गवंडीकाम त्याला येत नव्हतं."

"मग नसेल हा."

"नसेल," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलंय म्हणजे नसेलच."

उरलेले दगड तिनं त्याच्याकडून वाचून घेतले. मग आली तशी फाटकातून निघून गेली.

धानोरकर ओट्यापाशी परत आला. बाबांनी कंदील पेटवला होता.

"कुठून कुठून येतात लोक," तो म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आलं. "बाबा, तुम्ही तिला पाणी दिलं नाहीत. आलेल्याला आधी पाणी देता तुम्ही."

"ती पीत नाही."

"म्हणजे आधी आली होती?"

"येते. तू नावं घातलीस तेव्हापासून."

धानोरकर पायरीवर बसणार होता, तो उभाच राहिला.

"तिचा भाऊ... इथं आहे?"

"मिस्त्री."

"मग सांगितलं का नाहीत तिला?"

"तिनं मला कधी विचारलं? ती दगडांना विचारते. दगड तू लिहिलेस."

"मला तरी सांगायचं होतंत, त्याचं नाव हसन होतं म्हणून."

"तू विचारलं नाहीस. तुला माहीत होतं."

धानोरकर फाटकाकडे धावला. तकियापासून गावापर्यंत माळ उघडा होता, रस्ता सरळसोट. अजून लांबवर दिसत होतं. दोन्हीकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

तो परत आला.

"कुठं गेली ती? कोण आहे ती, बाबा?"

बाबांनी कंदिलाची वात खाली केली.

"मिस्त्री शेवटी तापात होता. मी विचारलं, कुणाला कळवू? म्हणाला, आईबाप नाहीत. एका बहिणीनं वाढवलं..."

"मग तिला कळवलंत?"

"म्हणाला, ती कधीचीच गेली."

माळावरून वारा आला.

मग धानोरकर तकियाच्या खोलीत गेला. कोपऱ्यात जुना ब्रश आणि रंगाचा डबा होता. त्यानं कंदील उचलला आणि कबरस्तानात गेला. पत्र्याच्या तुकड्यानं आधी 'मिस्त्री' खरवडून काढलं. मग ब्रश रंगात बुडवला.

"हसन. पुढं इब्राहिम ना?" त्यानं तिथूनच विचारलं.

"इब्राहिम."

"मुकादम. द-ला काना नाही?"

"नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाच्या नावातलं एकेक अक्षर विचारून लिहीत होता.

दुसऱ्या दिवसापासून पतसंस्थेत त्यानं प्रत्येक कर्जदाराची फाईल स्वतः उघडली. नाना, बापू, भाऊसाहेब, सोनबा... ओळखपत्र समोर ठेवायचं, संगणकातली नोंद समोर ठेवायची, अक्षराला अक्षर जुळवायचं. जुळलं नाही, तिथं दुरुस्ती टाकायची. ऑफिसातले हसले. जन्माच्या ओळखीच्या माणसाचं नाव कागदात शोधतोय, म्हणाले. त्यानं ऐकून घेतलं. केरबाची यंत्रं काही परत आली नाहीत. पण एका कर्जदाराच्या लाकडाच्या वखारीवर दुसरा सावकार कर्ज द्यायला निघाला होता. ओळखपत्रावरच्या नावानं त्यानं शोधलं, पतसंस्थेची दुरुस्त केलेली नोंद त्याला दिसली, आणि तो मागं फिरला. विडीवाल्या बायांची थोडी रक्कम तरी त्यामुळं वाचली. सगळी वाचली नाही. त्यांतली एक बाई रोज येऊन बाकावर बसे. तिच्याकडे बघायला धानोरकरला जड जाई.

पुढच्या गुरुवारी तो तकियात आला तो नवा रंग घेऊन. एकेका दगडापाशी थांबून बाबांना विचारत गेला. बाबांना सगळी नावं पाठ होती. बापाचं नाव, गाव, सगळं.

शेवटचा दगड झाल्यावर त्यानं हात पुसले. मग भीत भीत विचारलं.

"ती... आली होती का?"

"आली. बसली थोडा वेळ. गेली."

"वाचता येत नव्हतं ना तिला?"

बाबांनी हसनच्या दगडावरची माती पुसली.

अंधारायला लागलं होतं. धानोरकर डब्याचं झाकण लावता लावता थांबला. इतकी वर्षं तो इथं येत होता. गुलाबशा हे नाव गावानं ठेवलेलं, ओट्यापाशी गुलाबाचं झाड होतं म्हणून. ते झाडही कधीच वाळून गेलं होतं.

"बाबा, तुमचं खरं नाव काय?"

बाबांनी ते सांगितलं. बापाच्या नावासकट, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. आणि पलीकडे वेगळ्या ठेवलेल्या एका कोऱ्या दगडाकडे बोट दाखवलं.

"आत्ताच कशाला, बाबा?"

"लिहून ठेव. मला शोधणारा निघालाय."