ओतशाळेतला नकार

एका राज्यात राजाची ओतशाळा होती. तिथे घंटा ओतत. कामाला येणाऱ्या ओताऱ्याने दारातल्या एका रिकाम्या मडक्यात तोंड घालून आपला ‘नाही’ हा शब्द सोडायचा, मगच आत जायचे. मुकादम ते मडके लाखेने बंद करी. मुकादम मांत्रिक होता. आत ओताऱ्यांच्या तोंडी उत्तर एकच उरे, ‘जी’. आढ्यावरची सोनेरी साळुंकी ओरडे, “ओता! आणखी ओता!” धातू पिकलेला असो की कच्चा, ते ओतत. प्रत्येक घंटा तडकलेली निघे, आणि साळुंकी पुन्हा ओरडे.

कोंडाजी ओतारी असाच ओतता ओतता मेला. धाकट्या भावाने, हैबतीने, त्याला अग्नी दिला. चिता विझली, तसा कोंडाजी राखेतून उठून कामावर गेला. नकार द्यायला शब्दच नव्हता त्याच्याजवळ.

हैबतीने कोणाला विचारले नाही. त्याने ओतशाळेच्या भिंतीवरून आत उडी टाकली. राखेच्या रंगाचा दादा वितळल्या धातूने भरलेली तापली मूस धरून उभा होता.

“मेलास ना रे दादा! आता तरी ठेव ती खाली.”

“जी,” कोंडाजी म्हणाला, आणि ओतत राहिला.

मुकादम हसला. “भाऊ सोडवायचा आहे? तीन कामे कर.”

“बोल लवकर.”

“नागाच्या फण्यावरचा मणी आण.”

हैबतीने आणला. नाग चावला, तेव्हा हैबतीने त्याला अशा शिव्या घातल्या की नागाने विष परत घेतले.

“पेटत्या तळ्यातले कमळ आण.”

आणले. भुवया तळ्यातच राहिल्या.

“आता सोपे. हा धर्मू म्हातारा थकला आहे. त्याला म्हण, आणखी एक मूस उचल. म्हटलेस की भाऊ सुटला.”

धर्मू भिंतीला टेकून उभा होता. तरी ‘जी’ म्हणायला त्याने तोंड उघडलेही. हैबतीने दादाकडे पाहिले. दादालाही असेच कोणीतरी म्हटले असणार, आणखी एकच.

“नाही,” हैबती म्हणाला.

“मूर्खा, भाऊ जन्मोजन्मी इथे उभा राहील!”

“मीही राहीन त्याच्या शेजारी. पण नाही म्हणजे नाही!”

भिंतीवरून आलेल्याचा शब्द कोणी काढून घेतलाच नव्हता. त्या छपराखाली तो घुमला, आणि मडक्यांतल्या शब्दांनी आपल्या भावंडाची हाक ओळखली. मडकी फुटली. ज्याचा नकार त्याच्या तोंडी गेला.

“ओता!” साळुंकी किंचाळली.

“नाही ग बाई. झाले माझे.” कोंडाजीने मूस खाली ठेवली, हैबतीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो विरून गेला. मुकादमाला कोणी ‘जी’ म्हणेना, तसा तो आकसत दाण्याएवढा झाला. साळुंकीने तो टिपला आणि ती उडून गेली.

राजा धावत आला. “काम का थांबले?”

“धातू कच्चा आहे, महाराज,” धर्मू म्हणाला. “पिकला की आम्हीच ओतू. बसा.”

राजा बसला. घंटा अभंग निघाली. पहिला टोल पडला आणि ओतारी एकमेकांकडे पाहून हसले. आपल्या हातचा नाद ते प्रथमच ऐकत होते.

“हैबती, माग काय हवे ते.”

“दादाला दिलेत तेवढे पुरे झाले, महाराज.”

राजाने मान खाली घातली. शाळेच्या दारात पुन्हा मडके ठेवले गेले नाही. त्या राज्यात घंटा आजही खणखणीत वाजतात, आणि ओतारी थकला की बसतो.