आठ हातांचा देव

“सुळे अजून लांब करता येतील का?”

लहानूबाबांनी मुखवट्यावरून बोटं फिरवली. बाबा आताशा डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त बघत.

“किती लांब?”

“बघणारा मागे सरकेल इतके.”

विचारणारा नाशिकचा. नाव शार्दूल. वय तिशीच्या आतलं, काखेत एक जाड वही. ओट्यावर बूट घालूनच चढला होता. बाबांनी चालवून घेतलं, म्हणून मीही.

आमच्याकडे मुखवटे होतात. बोहाड्याच्या उत्सवात गावोगाव देवांची सोंगं नाचतात, त्यांचे. बाबा शिकवणारे, मी पस्तीस वर्षं शिकणारा. मला अजून नाक नीट जमत नाही.

शार्दूलने महिन्यापूर्वी एक मुखवटा सांगितला होता. सोबत लाकडाचा परशू आणि गदा. देवाचं नाव अंतकेश. असा देव आम्ही कधी ऐकला नव्हता.

“ऐकणार कसा? मीच केलाय तो.”

“देव?”

“बारा देव केलेत, बाबा. एका खेळासाठी. टेबलाभोवती पाच जण बसतात. प्रत्येक जण कुणाचं तरी सोंग घेतो, नुसतं तोंडाने. कुणी योद्धा, कुणी वैद्य. गोष्ट मी सांगतो, देव मी चालवतो. घाव बसला की चुकला, ते फासे ठरवतात.”

“म्हणजे बोहाडाच,” बाबा म्हणाले. “बसून केलेला. पाय तरी दुखत नाहीत.”

मला हसू आलं. शार्दूल हसला नाही. त्याने वही उघडली आणि वाचू लागला. आठ हात. परशू, गदा, फास, जळता भाला... बरंच होतं. अंगावर हाडांचं चिलखत, त्यातून काही आरपार जात नाही. कपाळावर मणी, त्याने समोरच्याचं बळ अर्धं होतं. देवाच्या दारात उभा राहील तो मरतो.

“आणि हा कसा मरतो?”

“मरत नाही. तसाच केलाय.” तो अभिमानाने म्हणाला. “अख्ख्या खेळात त्याला मारणारं काही नाही.”

बाबांनी मुखवट्याची हनुवटी चाचपली.

“मरत नाही... तर मग चिलखत कशाला?”

शार्दूलने वहीत बघितलं. पान उलटलं, परत उलटलं.

“आणि तुला तर दोनच हात. आठ हत्यारं धरणार कशी?”

“बाकीची वहीत राहतात. आधी चारच हात होते त्याला. चार ह्या आठवड्यात वाढवले.”

“का?”

“उद्या रविवार आहे.”

 त्याने वही मिटली. मी खल बाजूला ठेवला. रंग वाटण्याचा आवाज बरा वाटेना.

“कुणाला भिववायचंय उद्या?” बाबांनी विचारलं.

“...भावाला.”

“धाकटा?”

“हो. हेरंब. आई गेली त्याला वर्ष झालं, बाबा. तेव्हापासून तो खोलीतच असतो. जेवण दाराशी ठेवावं लागतं. फक्त रविवारी बाहेर येतो, खेळापुरता. खेळात तो नावाडी आहे. खेळात बोलतो, भांडतो, एकदा तर हसलासुद्धा. म्हणून मी खेळ बंद पडू दिला नाही. देव वाढवत राहिलो.”

“बरं केलंस.”

“गेल्या रविवारी सगळे अंतकेशाच्या दारापर्यंत पोचले. तिथून पळायचं असतं. हेरंबने बाकीच्यांना मागे पाठवलं. नावाड्याची तलवार खाली ठेवली, ढाल ठेवली, सगळं तोंडानेच. मग दाराकडे तोंड करून म्हणाला...”

त्याने वही ओट्यावर ठेवली. 

“म्हणाला, मला आत घे.”

बाहेर सागाच्या पानांत वारा होता. 

“तो आवाज नावाड्याचा नव्हता, बाबा. मला माहीत आहे. मी फासे उचलले, म्हटलं आज इथेच थांबू. मी देव, आणि पळालो मीच.”

“आत्ता त्याच्यापाशी कोण आहे?”

“मावशी आहे घरी.”

“आठवडाभर त्याला काय विचारलंस?”

“काय विचारणार? तोंड उघडायचीच भीती वाटते. म्हणून मी देवावर काम केलं. रात्रंदिवस. हत्यारं वाढवली. उद्या हा मुखवटा घालून त्याच्यासमोर उभा राहणार. असा भयंकर दिसायला हवा की बघताक्षणी तो घाबरेल आणि मागे फिरेल.”

“मागे फिरेल.”

“हो.”

बाबा उठले. गुडघे धरून, सावकाश.

“सुळे आहेत तेवढे पुरतील. घाल बघू.”

आमच्या इथली रीत अशी की मुखवटा तसाच बांधून देत नाहीत. नेणाऱ्याने तो इथेच, अंगणात घालून उभं राहायचं. हातात हत्यारं घ्यायची. बाबा त्याच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे जातात. मुखवट्याचे डोळे कुठवर भिडतात, धाक कुठवर बसतो, ते बघतात.

शार्दूलच्या डोक्यामागे दोरी मी आवळली. एका हातात परशू दिला, एका हातात गदा. तो ताठ उभा राहिला. खरं सांगतो, मीही एक पाऊल मागे सरलो. तो मुखवटा चांगला उतरला होता.

“देवासारखा बोल,” बाबा म्हणाले.

“मागे हो!”

लाकडातून आवाज घुमला. बाबा दोन पावलं मागे गेले.

“अजून.”

“मागे हो!”

बाबा आणखी मागे. लाकडांचा ढीग गेला, पाण्याचं पिंप गेलं. शार्दूलला जोर चढला. त्याने परशू उगारला. तिसऱ्यांदा तो ओरडला तेव्हा बाबांची पाठ विहिरीकडे होती.

आमची विहीर अंगणाच्या टोकाला आहे. त्या पावसाळ्यात तिचा अर्धा कठडा खचला होता. बाबा नेहमी पिंपापाशी थांबत.

त्या दिवशी थांबले नाहीत.

मी उठलो. बाबांनी मला लांबूनच तळहात दाखवला, तिथेच राहा म्हणून. पस्तीस वर्षं मी तो हात मानत आलो. जागीच उभा राहिलो.

“बाबा, थांबा,” शार्दूल म्हणाला. “मागे विहीर आहे.”

“काय म्हणतोस? आतून आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत.”

“विहीर! मागे विहीर आहे!”

“ओरडू नकोस रे.” बाबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “भीती वाटते मला.”

आणि आणखी एक पाऊल मागे.

त्यांच्या टाचेखालून खडा सुटला. तो पाण्यात पडल्याचा आवाज यायला किती वेळ लागला, ते मला आजही सांगता येणार नाही.

शार्दूलने परशू टाकला. गदा टाकली. मुखवटा ओढून फेकला, तो पिंपावर आपटला आणि कपाळापासून तडकला. एवढा दांडगा माणूस लहान पोरासारखा धावत गेला आणि त्याने बाबांचं मनगट पकडलं. ओढून आणून मातीत बसवलं. तरी हात सोडला नाही. धापा टाकत होता.

“काय करताय... काय करताय तुम्ही...”

 बाबांनाही दम लागला होता. मी पाणी आणलं. बाबांनी ते आधी त्याला दिलं.

त्याने एका हाताने तांब्या तोंडाला लावला. दुसऱ्या हातात बाबांचं मनगट तसंच होतं.

पाणी संपल्यावर त्याचं तिकडे लक्ष गेलं. त्याने मूठ सैल केली. बाबांच्या कातडीवर त्याची पाचही बोटं लालभडक उमटली होती.

“बाबा... दुखतंय का?”

“दुखतंय.”

 तडकलेल्या मुखवट्याकडे बघून तो म्हणाला, “आता उद्या काय करू?”

बाबांनी मनगट चोळलं. नंतर त्याच्या गुडघ्यांवरची माती झटकली, हळूहळू, कापडावर डाग राहणार नाही अशी.

“उद्यापर्यंत थांबू नकोस, पोरा. आजच घरी जा. त्याचा हात असाच धर... आणि त्यालाही दुखू दे.”