हार्वेस्टरखाली शिरण्याआधी

"पण हे वर धरलंय कुणी?" उस्तादांनी विचारलं.

"हायड्रॉलिकनं," सुलक्षणा म्हणाली. "पक्कं आहे. सकाळीच बघितलंय मी."

सोयाबीनच्या रानात हार्वेस्टर उभा होता. त्याची पुढची रुंद कापणी-पट्टी तेलाच्या दाबावर छातीइतकी वर उचललेली होती. पात्यांत काहीतरी अडकलं होतं. ते काढायला पट्टीखाली शिरावं लागणार होतं.

नूरमहंमद मुलाणींना तालुक्यात यंत्रं दुरुस्त करणारा प्रत्येक जण उस्ताद म्हणे. सुलक्षणा आयटीआयला पहिली आली होती. आठ महिने ती त्यांच्या हाताखाली होती आणि एकदाही त्यांनी तिला शाबासकी दिली नव्हती. आज ती मिळवायचीच, असं ठरवून ती आली होती.

रानाच्या मालकीण लोचनाबाई आभाळाकडे बघत होत्या.

"चाचा, दोन एकर राहिलंय. हे भिजलं तर शेंगा जाग्यावर फुटतील हो."

"पाच मिनिटांचं काम आहे, मावशी," सुलक्षणा म्हणाली आणि पान्हा घेऊन गुडघ्यावर बसली.

उस्तादांनी तिच्या हातातला पान्हा काढून घेतला.

"सरक. मी शिरतो."

सत्तरीचा म्हातारा. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, चिखलात एक हात टेकवला आणि मान खाली घातली…

"उस्ताद, थांबा!"

तिने मागून त्यांचा सदरा घट्ट धरला होता. कधी धरला, तिलाच कळलं नाही.

"का? पक्कं आहे ना?"

"आहे."

"मग?"

"तुम्ही नका जाऊ."

"मी गेलो तर यंत्र वेगळं वागतं का, बेटी?"

…

तिने सदरा सोडला. मग तिने पहिल्यांदाच खाली नीट बघितलं. काळ्या मऊ मातीत हार्वेस्टरचं एक चाक वीतभर रुतलं होतं. सगळं धूड डावीकडे कललं होतं. सकाळपासून ते तसंच असणार. ती मात्र फक्त पातीच बघत होती.

उस्ताद कपडे झटकत उभे राहिले.

"मावशी," सुलक्षणा वळून म्हणाली, "मला अर्धा तास लागेल."

"आत्ता तर पाच मिनिटं म्हणालीस!"

"चुकलं माझं."

तिने यंत्र सुरू केलं आणि हळूहळू रानाबाहेर, मुरमाच्या सपाट रस्त्यावर आणून उभं केलं. चाकांना पुढून-मागून दगड लावले. जीपमधले बाभळीचे चार जाड ठोकळे बाजूनेच, लांब काठीने ढकलून पट्टीखाली सरकवले. पट्टी अलगद खाली आणून त्यांच्यावर टेकवली. इंजिन बंद केलं, किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. मग दोन्ही हातांनी पट्टी हलवून बघितली.

हलली नाही.

उस्ताद बांधावर बसून हे सगळं बघत होते.

ती आत शिरली. पात्यांत तारेचं भेंडोळं अडकलं होतं. ते तिने तोडून काढलं, दोन पाती बदलली आणि घामाने निथळत बाहेर आली.

दिवस मावळायच्या आत दोन्ही एकर कापून झाले. शेवटच्या ट्रॉलीवर ताडपत्री बांधताना लोचनाबाई हसल्या आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवून गेल्या.

सुलक्षणाने पट्टी पुन्हा उचलली आणि लांब उभी राहून बराच वेळ बघत राहिली. पट्टी केसभरही खाली आली नाही.

"उस्ताद, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"हायड्रॉलिक खरंच पक्कं होतं. तेव्हाच तशीच आत शिरले असते, तर…"

"तर बहुतेक काहीच झालं नसतं."

"मग ती सगळी धडपड कशाला?"

उस्तादांनी ठोकळ्यांवरची माती हाताने पुसली, एकेक उचलून जीपमध्ये ठेवला. दार लावलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रोज घरी जाताना हाच प्रश्न पडू दे तुला."