कोल्ह्याचा तुकडा आणि गुहेतला गार कोपरा

मुलांनो, गोष्टीतला कोल्हा धूर्त असतो, असे तुम्ही नेहमी वाचता. डोंगरापायथ्याच्या एका जंगलात जो कोल्हा राहत असे, तो मात्र धूर्त नव्हता. निदान स्वतःच्या बाबतीत तरी नव्हता. तो सिंहाच्या चाकरीत होता. रोज पहाटे टेकडीवर चढायचे, हरणांचा कळप कुठे चरतो आहे ते हेरायचे आणि ओरडून सिंहाला दिशा कळवायची, हे त्याचे काम. मोबदला म्हणून दर शिकारीतला एक लहान तुकडा मिळे. त्या जंगलाचा रिवाज असा होता, की चाकर म्हातारा होऊन घरी बसला, की त्याला मरेपर्यंत त्याच्या तुकड्याच्या निम्मा तुकडा द्यायचा.

दरवर्षी कोल्हा भीत भीत तुकडा वाढवून मागे. सिंह त्याला कधी नाही म्हणत नसे. तो दुसरेच काहीतरी देई. एका वर्षी त्याने गुहेतला गार कोपरा राहायला दिला. पुढे ओढ्यावर सिंहाच्या खास जागेवरून पाणी प्यायची मुभा दिली. एकदा तर सगळ्यांसमोर त्याला 'मुख्य हेर' म्हटले, आणि त्या आनंदात कोल्ह्याला रात्रभर झोप आली नाही. कोल्ही विचारी, "आणि तुकडा?" गुळगुळीत दगडावर अंग टाकत कोल्हा म्हणे, "तुकड्याचं काय घेऊन बसलीस? अशी जागा आहे का कुठल्या कोल्ह्याला?" खोटे कशाला सांगू, जागा तिलाही आवडली होती. दोघांनी स्वतःचे बीळ कधी खणलेच नाही.

वर्षे गेली. कोल्ह्याचे गुडघे धरू लागले. एका पहाटे तो कसाबसा टेकडीवर पोचला, कळपही त्याला दिसला, पण इतका दम लागला होता की तोंडातून आवाजच फुटेना. हरणे निघून गेली. सिंह रागावला नाही. त्याने कोल्ह्याचे चार शब्दांत कौतुक केले, आता विश्रांती घे म्हणाला आणि रिवाजाप्रमाणे निम्मा तुकडा पुढे ठेवला. गुहेतला कोपरा नव्या हेरासाठी रिकामा करावा लागेल, हेही त्याने हळूच सांगितले.

कोल्हा त्या तुकड्याकडे बघत राहिला. दोघांनी यावर जगायचे कसे, हे त्याला कळेना. शेवटी तो म्हणाला, "महाराज, इतकी वर्षं वाढ म्हणून जे जे दिलंत, ते यात धरलं नाहीत?"

सिंहाला खरोखरच नवल वाटले. "ते तर तू रोज भोगलंस. निम्मं होतं ते तुकड्याचं. आणि दरवर्षी काही मिळालं की तू खूश होऊन जायचास, त्या वर्षी तुकड्याचं पुन्हा नाव काढायचा नाहीस."

यात एक अक्षर खोटे नव्हते. कोल्ह्याला वाईट वाटले ते त्याचेच. तो कोल्हीला घेऊन बाहेर पडला.

उतारावरची जमीन उन्हाने दगडासारखी झाली होती. दोघे म्हातारे आळीपाळीने खणत होते. गुळगुळीत दगडावर आयुष्य काढलेली त्यांची नखे लगेच दुखू लागत. संध्याकाळपर्यंत डोके जाईल एवढाच खड्डा झाला. कोल्ह्याने तो निम्मा तुकडा कोल्हीपुढे सरकवला आणि मला भूक नाही म्हणाला. तिने दातांनी तुकड्याचे पुन्हा दोन भाग केले आणि मोठा भाग त्याच्यापुढे ठेवला.

"खा," ती म्हणाली. "उद्या परत खणायचंय."

तात्पर्य : चाकरीतल्या सोयी चाकरीबरोबरच संपतात. म्हातारपण काढायचे असते ते पदरात पडलेल्या मोबदल्यावर. म्हणून वाढ मागितल्यावर तिच्याऐवजी हातात काय ठेवले जाते आहे, ते वेळीच पाहावे.